शिडावरचं ठिगळ

काकांचा उजवा हात दोन वर्षं थरथरतो आहे. घरी त्यांना चहा अर्धा कपच मिळतो. बाहेर पडले की हात खिशात.

त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी ताडपत्र्या शिवल्या. ट्रकवर टाकायच्या, जाड कॅनव्हासच्या. ट्रकवाले त्यांना डॉक्टर म्हणायचे. हात गेला तसं दुकान बंद झालं. दाभण, मेण, तळहाताला बांधायचा चामड्याचा पट्टा, सगळं एका पत्र्याच्या पेटीत गेलं. परदेशी मुलीला भेटून परतल्यावर ती पेटी शेजारच्या सीट-कव्हरवाल्याला द्यायची, असं त्यांनी कबूल केलं होतं.

त्यांची मुलगी माझी मैत्रीण. आम्ही इथे परदेशात एकाच खोलीत राहतो. तिचे आईबाबा, म्हणजे काका-काकू, महिनाभरासाठी आले, तेव्हा तिने त्यांना जुनं बंदर दाखवायला नेलं. मीही गेले.

दगडी धक्का, झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्या, गोदामांची रांग. काकूंनी प्रत्येक तोफेशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. चौथ्या तोफेपाशी लक्षात आलं, काका नाहीत.

ते एका गोदामात सापडले. आडव्या बांधलेल्या दोरीला टेकून उभे होते. दोरीपलीकडे एक बाई जमिनीवर बसून शीड शिवत होत्या. बाहेर दोनशे वर्षांचं जहाज बांधून ठेवलं होतं. तीन वाजता हे शीड त्यावर चढणार, अशी पाटी होती. बाईंनी ठिगळ ताणून पाहिलं. चुण्या पडल्या. त्यांनी सगळे टाके उसवले.

"दुसऱ्यांदा उसवतेय," काका म्हणाले.

"चला हो," काकू म्हणाल्या. "ताडपत्रीच बघायची होती तर विमानात कशाला बसलो?"

"टाका सुरेख आहे गं तिचा. पण ठिगळाचा धागा तिरका पडलाय. शिडाचा उभा धागा आणि ठिगळाचा उभा धागा एका रेषेत हवा." मग मुलीला म्हणाले, "सांग तिला."

"बाबा, असं मध्ये बोलत नाहीत इथे."

"मग फाटू देत?"

मैत्रिणीने ओशाळत सांगितलं. बाई शिडावर अगदी नाक टेकेल इतक्या वाकल्या. ठिगळ जरासं फिरवलं. मग काकांकडे पाहिलं. दाखवण्याच्या नादात त्यांचा हात खिशाबाहेर आला होता. त्यावरचे घट्टे बाईंना दिसले. त्यांनी स्वतःचा तळहात पुढे केला. तसेच घट्टे, त्याच जागी. मग त्यांनी दोरी उचलून धरली.

काका आत जाऊन बसले. बाईंनी आपला चामड्याचा पट्टा काढून दिला. तो त्यांनी बरोबर बांधला. सुई घेतली, आणि दोरा ओवता येईना. एकदा, दोनदा, तीनदा. हात आणखीच थरथरायला लागला. मी जमिनीकडे पाहत राहिले.

काकूंनी पर्स माझ्या हातात कोंबली आणि दोरीखालून आत शिरल्या. सुई घेतली, दोरा ओवला, मेणावरून ओढला, परत दिली.

"हं. शिवा आता, डॉक्टर."

पहिला टाका वाकडा गेला. काकांनी तो काढला. पुन्हा सुई लावली, तळहाताने रेटली. सुई जाड कापडात शिरली आणि हात थांबला. थरथर गेली. मला भास वाटला. पुढचा टाकाही तसाच, सरळ. कापड उलट जोर लावतं तेव्हा हात थरथरत नाही, हे काकांनाही तिथेच कळलं असावं. दोन वर्षं त्यांच्या हातात फक्त कप आणि पेन दिलं होतं आम्ही सगळ्यांनी.

ते तासभर शिवत होते. शेवटच्या कोपऱ्यात त्यांनी एक फुली घातली. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ताडपत्रीवर ती असायची.

तीन वाजता शीड वर गेलं. वाऱ्याने ते फट्कन भरलं. आम्ही सगळे एकाच जागी बघत होतो. ठिगळ ताणलं. एकही चुणी नाही.

बाईंनी काकांचा उजवा हात धरला आणि उंच केला, कुस्ती जिंकलेल्याचा करतात तसा. धक्क्यावर टाळ्या वाजल्या. काकांनी बराच वेळ तो खाली घेतला नाही.

नंतर धक्क्यावरच्या कॅफेत त्यांनी चहाचा भरलेला कप मागितला. बशीत थोडा सांडला. त्यांनी तोही प्यायला.

"सीट-कव्हरवाल्याला फोन लाव," ते काकूंना म्हणाले. "पेटी मिळणार नाही म्हणावं."

"आणि का विचारलं तर?"

काकांनी रिकामा कप बशीत ठेवला. काकूंनी वाट पाहिली नाही. नंबर लावत म्हणाल्या, "सांगते, दवाखाना परत उघडतोय."