आरतीचं अ‍ॅप

गणपतीत आमच्या वाडीत प्रत्येक घरची आरती सगळी वाडी मिळून करते. दिवेलागणीला मानकऱ्यांच्या घरातून टाळ-मृदंग निघतात आणि घरं घेत घेत शेवटी आमच्याकडे येतात. कधी, ते गणपतीलाच ठाऊक. एका घरी चहा, दुसऱ्या घरी मुंबईकरांना आणखी एक आरती म्हणायची हौस. तोवर माझी आई देवापुढे ताटकळत उभी. तिचे गुडघे गेलेत, पण खाली बसली तर कुणी हात दिल्याशिवाय उठता येत नाही, आणि वाडी दारात आल्यावर घरची बाई बसलेली तिला चालत नाही. मी खुर्ची आणून ठेवली, तर तिने त्यावर फुलांची परडी ठेवली.

मला याचा संताप यायचा. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. म्हटलं, हे मीच सोडवतो. चार महिने सगळे रविवार घालवून अ‍ॅप केलं. त्यात नकाशा, प्रत्येक घरची अंदाजे वेळ, आरत्यांचे शब्द, कुणाकडे काय प्रसाद, सगळं होतं. घरांचा क्रमही अ‍ॅपच लावणार, कमीत कमी चालावं लागेल असा. इथे मी शेण खाल्लं. क्रम मानाचा असतो, आणि माझ्या अ‍ॅपने मानकऱ्यांचं घर पाचवं टाकलं होतं. संध्याकाळी निघताना मानकरी काकांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून पाहिला, परत दिला आणि टाळ उचलले.

बरं, दाखवलं कधी, तर चतुर्थीच्या सकाळी. घरोघरी मोदकांची उकड चाललेली आणि मी ओटीपी मागत फिरतोय. नेटसाठी आमच्याकडे फणसाखाली जावं लागतं, तेही मी पुण्यात बसून विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपमध्ये मंडळी अजून पहिल्याच घरी होती, तेव्हा ती आमच्या अंगणात चपला काढत होती. आई दोन्ही दिवस तासभर उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. आमच्या आधीचं घर त्यांचं. "माझ्याकडची आरती संपत आली की मिस्ड कॉल देते, तेव्हा उठा," असं त्यांनी आईला सांगितलं. त्या संध्याकाळी आई खुर्चीत बसली. तिचा बटणांचा फोन वाजला, मी हात दिला, तिने उठून निरांजन लावलं आणि मंडळी दारात आली. दोन दिवसांत वाडीतलं प्रत्येक घर पुढच्या घराला रिंग देऊ लागलं. कुणी कुणाला शिकवायला गेलं नाही.

मी जळफळलो. यात डोकं ते काय लागलं, असं घरात चारदा बोलून दाखवलं. पुढच्या वर्षी अ‍ॅपमधलं सगळं काढून एकच बटण ठेवलं, पुढच्या घराला कळवायचं. ते आदल्या वर्षी कदाचित चाललं असतं. आता रिंग अंगवळणी पडली होती, माझं बटण कुणी दाबेना. शेवटी वैतागून आईलाच विचारलं, वहिनींचं ऐकलंस, मग माझं का नाही?

ती वाती वळत होती. म्हणाली, "मला येवढाच कळायला हवा होता, आता उठू की नको. तू इचारलास कधी?"

त्या चार महिन्यांत मी तिला दर रविवारी फोन करत होतो. अ‍ॅप कुठवर आलं ते सांगायला.