उभं राहून भूक लागत नाही म्हणे

मंडळी, आज सकाळपासून स्वतःचाच राग येतोय.

आमच्या गारखेड्यात पोरं सराव करायची त्या मोकळ्या जागेवर बांधकाम सुरू झालं, म्हणून माझ्या सोळा वर्षांच्या लेकीला, श्रेयाला, आम्ही महिनाभर हिमाचलात तिरंदाजीच्या शिबिराला पाठवलं. काल ती परत आली. आज गच्चीवर तिला स्वतःच्याच धनुष्याची दोरी हनुवटीपर्यंत ओढता येईना. वजन केलं, तर पाच किलो कमी.

शिबिराच्या सरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "ताई, हा उभं राहायचा खेळ. यात कॅलरी जळतात कुठं? दोन पोळ्या पुरतात."

तसल्या थंडीत दिवसभर कुडकुडत बाण सोडणाऱ्या पोरीला दोन पोळ्या! मी लई बोलले त्यांना.

फोन ठेवला, तर श्रेया म्हणाली, "आई, तुला सांगितलं होतं की मी. लई भूक लागते म्हणून."

व्हय, सांगितलं होतं. शिबिरातून तिचा फोन आला, तेव्हा मी पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभी होते. म्हणाले, "सरांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. इथं प्यायला पाणी नाय आणि तुझे जेवणाचे नखरे!"

परवा निवड चाचणी आहे. ती जाणार नाही म्हणतेय.

तुमचं लेकरू भूक लागली म्हणालं, तर तुम्ही कुणाचं ऐकता?