खंडेनवमीला पाटावर ठेवलेली हार्ड डिस्क

आधीच सांगतो... भुताखेताचा विषय निघाला की चहाच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस मी. कराडच्या कॉलेजात इंजिनियर झालो, तेव्हापासून तर जास्तच. आज माझीच सांगायची पाळी आली आहे, तर तुम्ही उठू नका.

आमचं घर माधवनगरला, पुढे यंत्रमागांची शेड आणि मागे आम्ही. आप्पांनी – माझ्या वडिलांनी – दिवसा माग चालवले आणि संध्याकाळी भजन गायलं. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. त्यांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग फक्त माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर होतं, आणि तीही बंद पडली. सांगलीतल्या दुरुस्तीवाल्याने उघडून बघितली, आतली तबकडीच खरवडली आहे, विसरा म्हणाला.

तरी मी जुन्या कॉम्प्युटरचा मीडिया सर्व्हर केला. घरातले सगळे फोटो, लग्नांच्या सीड्या त्यात भरल्या, म्हणजे टीव्हीवर हवं ते लावता येईल. आप्पांच्या नावाचाही फोल्डर केला... रिकामाच.

खंडेनवमीला आईने मागांची पूजा केली. सर्व्हरचा प्लगही स्वतः काढला आणि ती मेलेली डिस्क पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडू वाहिला. ते भंगार आहे, असं मी म्हटलं.

"आसू दे. ती बी राबलीया. आज कशालाच हात लावायचा न्हाई."

दसऱ्याला सकाळी सर्व्हर चालू केला, तर आप्पांचा फोल्डर भरलेला! एक फाइल लावली. आधी टाळ, मग आप्पांचा वरच्या पट्टीतला खणखणीत आवाज. आप्पा खुर्चीत ताठ झाले, मांडीवर ठेका धरला. आई तव्यावरची पोळी तशीच टाकून आली. मी तर चक्क रडलो. भजनी मंडळातले शेजारचे तात्या अनवाणीच धावत आले.

"आप्पा, आवाज परत आला व्हय रं?"

आप्पांनी टीव्हीकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या छातीवर थाप मारली.

डिस्क पाटावरच होती – वायर नाही, कुंकवाचं बोटसुद्धा पुसलेलं नाही. फायलींवर तारीख खंडेनवमीची, म्हणजे प्लग जमिनीवर पडला होता तेव्हाची. दुसरीकडे कुठे कॉपी होती का, तेही सगळं धुंडाळलं. नव्हती. आईच्या मते डिस्कला एक दिवस विसावा मिळाला, एवढंच. आता रोज संध्याकाळी आप्पा रिमोट घेतात आणि गायला बसतात.