गडव्यातला समुद्र

नंदुरबारच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर ओळखीच्या माणसाची तब्येत विचारण्याआधी एकच विचारत, "सुरतले कव्हय जाई ऱ्हायनात?" जाणार म्हटलं की धुतलेली काचेची बाटली त्याच्या हातात पडलीच. ती समुद्राच्या पाण्यानं भरून आणायची. सगळं गाव त्यांना समुद्रमास्तर म्हणे. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवी आणि त्यांच्या शेजारी राही.

वर्गाबाहेर ते अहिराणीच बोलत. "समुद्रमा बठ्ठं शे," ते सांगत, "लोखंड शे, तांबं शे. थोडंसं शे, पन शे." ते थोडंसं तांबं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, एवढाच त्यांचा ध्यास. चिनी मातीच्या वाडग्यात पाणी आटवायचं, अमोनियाचे थेंब टाकायचे आणि तांब्याची खूण असलेल्या निळ्या रंगाची वाट पाहायची. रंग काही येत नसे. मीठ तेवढं उरे. मी म्हणायचो, "मास्तर, भाजीला तरी घाला." ते हसत आणि दुसरी बाटली धुवायला घेत.

पण न दिसलेला रंग दिसला असं एखाद्या पोरानं प्रयोगाच्या वहीत लिहिलं, तर त्याची खैर नसे. खोट्याचं त्यांना भारी वावडं. नवं लुगडं कसं दिसतं असं त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, विचारलं, तरी ते खरं तेच सांगत. वहिनींना त्याची सवय झाली होती.

वहिनींना दुखणं जडलं, तेव्हा त्यांचा भाऊ त्यांना सुरतेच्या दवाखान्यात घेऊन गेला. मास्तर त्या वेळी बाटलीचं बोलले नाहीत. वहिनींनीच ती मागून घेतली. जाताना ती गाडीतच फुटली. मग त्या माउलीनं गंगाजळ आणावं तसं तांब्याच्या गडव्यात समुद्राचं पाणी भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि परतीच्या वाटेवर तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

मास्तरांनी पाणी आटवलं. गडद निळा रंग आला. मी तिथंच होतो. अंथरुणावरून वहिनींनी विचारलं, "सापडनं का तांबं?"

मास्तरांनी गडव्याकडे पाहिलं. "सापडनं. पन ते समुद्रनं नही, आपला गडवानं शे. खारं पानी तांबं खाई जास."

वहिनींचा चेहरा उतरला. तरी म्हणाल्या, "बरं. पुढला बखत मी बाटलीमाच लई येसू."

त्याच महिन्यात वहिनी गेल्या. मास्तर शाळेत येत, शिकवत. पण सुरतेला जाणाऱ्या कुणाला हटकत नसत. मला ते बघवेना. एकदा मीच म्हणालो, "मास्तर, मी सुरतेला चाललोय. बाटली द्या." त्यांनी बाटलीऐवजी कोनाड्यातला गडवा हातात घेतला.

मग म्हणाले, "त्या दिन मी तिले नुसतं हा म्हनी टाकतू, ते समुद्रनं काय बिघडतं?"