गोरोयेची काठी

राजवाड्यासमोर बाजार नसेल तर तो राजवाडा कसला? नुसता मोठा गोठा. इजारेमी गावात तेच झालं होतं. वाड्यापुढच्या बाजारपटांगणात गुडघाभर गवत माजलेलं, आणि त्यात बालोगुन सरदाराच्या शेळ्या मजेत चरत. नवा राजा रोज सकाळी ओसरीवर बसून ते गवत बघायचा आणि दातओठ खायचा.

हा राजा मूळचा इबादान शहरातल्या गॅरेजातला लॉरी मिस्त्री. नाव आडेगोरोये, घरी नुसता गोरोये. जुना राजा गेला, गादीची पाळी गोरोयेच्या घराण्याकडे आली, इफा दैवताच्या पुजाऱ्यानं ताडाच्या बियांवर कौल लावला आणि सरदार मंडळी थेट गॅरेजात येऊन थडकली. गोरोये लॉरीखाली उताणा, बाहेर फक्त पाय.

"गिअरबॉक्स उद्या मिळेल हो," तो खालूनच ओरडला.

"गिअरबॉक्स घाल चुलीत," बालोगुन म्हणाला. "बाहेर ये. तू राजा झालास."

बालोगुन म्हणजे गावाचा सेनापती. लढाई त्यानं जन्मात पाहिली नव्हती, पण आवाज तोफेचा. त्यानंच नव्या राजाला तीन महिने आत कोंडून रीती शिकवल्या. चारचौघांत जेवायचं नाही. मुकुटाच्या आत डोकावायचं नाही. बाजारात पाऊल टाकायचं नाही, तिथं आपली मण्यांनी मढवलेली काठी पाठवायची. काठी जाईल तिथं राजा गेलाच असं समजून लोक तिच्यापुढं लोटांगण घालतात. राजानं मात्र कुणापुढं वाकायचं नाही, जन्मदात्या आईपुढंही नाही. आणि त्याचं जुनं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही. आता तो फक्त 'काबियेसी', म्हणजे ज्याला जाब विचारणारा कुणी नाही असा.

यात खरी लुबाडली गेली ती त्याची आई. इथं बाईला थोरल्या लेकाच्या नावानं हाक मारतात. जन्मभर ती 'इया गोरोये' होती, गोरोयेची आई. आता ते नाव घ्यायचीच चोरी. ती चवळीचे अकारा तळून विकायची, म्हणून लोक तिला 'अकारावाली' म्हणू लागले. लेकाला गादी मिळाली आणि आईचं नाव गेलं, असला हा व्यवहार!

राज्याभिषेकाला ती रीतीप्रमाणे गुडघे टेकायला पुढे आली. तिला पाहताच राजाची पाठ आपोआप वाकायला लागली. बालोगुननं बगलेत हात घालून त्याला वर खेचलं म्हणून निभावलं.

"याची पाठ अजून माझंच ऐकते," म्हातारी म्हणाली. "मी परत वाड्यात यायची नाही. उगाच हा वाकायचा आणि गावावर संकट यायचं."

ती गेली ती हमरस्त्याच्या नाक्यावर जाऊन बसली. गावातल्या सगळ्याच बाया तिथं विकत होत्या. जुन्या राजाच्या शिपायांनी एकदा बाजारपट्टीवरून भांडण काढून त्यांच्या चुली लाथाडल्या होत्या. उकळतं तेल सांडलं, कितीजणी भाजल्या. म्हातारीच्या हातावरचा डाग कोपरापर्यंत होता. त्याच दिवशी बायांनी टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि बाजार उठला.

राजानं ठरवलं, बाजार परत आणायचा. त्यानं मानाच्या कोलाच्या बिया पाठवल्या, त्या परत आल्या. बकऱ्या पाठवल्या, त्याही परत आल्या. राजा बोले दळ हाले म्हणतात, पण इथं एक टोपली हलेना. राजाची काठी वाहणारा आलाबी नाक्यावरून म्हातारीचा निरोप घेऊन आला.

"त्या म्हणतात, राजा मरत नसतो असं तुम्हीच सांगता ना? मग आमच्यावर तेल सांडणारा अजून गादीवरच आहे. त्यानं जमिनीला पोट लावावं, मग बोलू."

राजा मग म्हणाला, "बरोबर आहे तिचं. आलाबी, उद्या बाजाराच्या दिवशी काठी घेऊन जा आणि बायांपुढं आडवी ठेव."

बालोगुनच्या तोंडचं पाणी पळालं. "काठी आडवी? काबियेसी, काठी मातीला लागली तर तुम्हाला गादी सोडावी लागेल!"

"सोडेन. लॉऱ्या अजून बिघडतात."

"पण असं कधी कुठल्या राजानं..."

"काबियेसी म्हणजे काय, बालोगुन? तुम्हीच शिकवलंत."

"ज्याला जाब विचारणारा..." बालोगुन अडखळला.

"मग विचारू नका."

दुसऱ्या दिवशी राजा मुकुट घालून, तोंडावर मण्यांची झालर सोडून ओसरीवर बसला. बेत बदलायचा नव्हता. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आलाबी धापा टाकत आला आणि लोटांगणातच बोलू लागला.

"मी काठी वर धरली तशा सगळ्या बाया गुडघ्यावर बसल्या. म्हटलं, आज तुम्ही नाही, काठी वाकणार. आणि खाली ठेवायला लागलो."

"मातीला लागली?"

"वीतभर उरली होती. तेवढ्यात म्हातारी धावली. डोक्याचं फडकं ओरबाडून काढलं आणि खाली पसरलं. काठी त्याच्यावर निजली. मातीला नाही लागली! भर रस्त्यात म्हातारी उघड्या डोक्यानं उभी. मग ती काठीला म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"ते मला बोलता यायचं नाही, काबियेसी."

"मी सांगतोय. बोल."

आलाबीनं तोंड जमिनीत खुपसलं. "म्हणाली, ऊठ, गोरोये. ऊठ, बाळा."

झालरीचे मणी एकमेकांवर वाजायला लागले. ती झालर कशासाठी असते, हे राजाला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया पटांगणात शिरल्या, शेळ्यांना हाकललं, गवत उपटायला बसल्या. म्हातारीनं ओसरीच्या अगदी समोर, आपल्या जुन्या जागेवर तीन दगड मांडले. तेल तापलं. पहिला घाणा निघाला. पण गिऱ्हाईक पुढं होईना. बाईला हाक कुठल्या नावानं मारायची, हेच कुणाला समजेना.

मग बालोगुन उठला. ओसरीकडे न बघता तरातरा पायऱ्या उतरला आणि सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"इया गोरोये, मला चार द्या. गरम गरम!"