हौदातली खाण

चिमटीतलं मीठ सोडावं तशी आबा बोटं चोळायचे आणि म्हणायचे, "एवढंच उरलं बघा."

जामखेडला माझं शेती-औषधांचं दुकान आहे. काही न घेता तासभर बाकावर बसणारा एखादा म्हातारा तुमच्याही गावात असेल. हे आमचे. उभी हयात राजस्थानात तांब्याच्या खाणीत काढलेली. बायको मात्र इथंच, मुलं वाढवत. ती म्हणायची, ह्यांचा जन्म काळ्या बिळात गेला.

आबांना ते फार लागायचं. ते सांगायचे, सोडून दिलेल्या बोगद्यांत झिरपणारं पाणी इतकं आंबट होतं की लोखंडी पहार खाऊन टाकतं. पण तेच पाणी भिंतीवर वाळलं की निळे खडे उगवतात, कुठं हिरवे, कुठं पिवळे. "मानसं निघून गेली की पानी कामाला लागतं." निवृत्त होताना बायकोला दाखवायला त्यांनी एक निळा खडा डब्यातून आणला. आमच्या कोरड्या हवेनं त्यातला ओलावा ओढून घेतला; डब्यात उरली पांढुरकी भुकटी. बायको म्हणाली, "राख आनायला एवढ्या लांब गेल्ता व्हय?"

मग आबा माझ्याकडून मोरचूद नेऊ लागले, तांब्याचा तोच निळा क्षार, लोक डाळिंबावर फवारतात तो. ह्यांच्याकडे तर डाळिंबाचं एक झाड नव्हतं. विचारलं तेव्हा मला घरी नेलं, परसातल्या रिकाम्या हौदावरचा पत्रा सरकवला आणि आत बॅटरी मारली.

आत रचलेल्या दगडांवर मोरचुदाचं पाणी थेंबथेंब सोडून त्यांनी निळ्या खड्यांची भिंत वाढवली होती. पोत्यानं विकतो मी हा माल, पण त्याचं हे रूप जन्मात पाहिलं नव्हतं. मी नकळत चपला काढल्या.

काकूंना दाखवा म्हटलं, तर म्हणाले, "अजून भरू द्या. अर्धवट बघितलं तर परत हसंल ती." तिला त्यांनी विषारी औषध आहे म्हणून सांगून ठेवलं होतं.

गेल्या माघात आबा गेले. भिंत होती तेवढीच राहिली.

दिवसकार्य उरकल्यावर काकूंनी मला बोलावून घेतलं. ते विष तेवढं घेऊन जा म्हणाल्या. मी पत्रा सरकवला, बॅटरी त्यांच्या हातात दिली आणि ही आबांची खाण, तुमच्यासाठी वाढवलेली, एवढंच सांगितलं.

काकू हौदाच्या काठावर बसल्या. बराच वेळ उजेड भिंतीवरून फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढं हुतं व्हय तिथं? मग त्ये सोडून ह्ये सुट्टीला घरी येत कसं हुतं?"