भिंतीवरचा हात

आमच्या वस्तीत जिवंत माणसाला भिंतीवर रंगवत नाहीत. पलीकडच्या चौकात एकदा एका अकॉर्डियनवाल्याचं चित्र काढलं आणि रंग वाळतो न वाळतो तोच तो गेला. म्हातारा नव्वदीचा होता, हृदयाचे झटके येऊन गेलेले, पण हे सांगणार कुणाला? तेव्हापासून नियमच झाला. आधी मरा, मग भिंतीवर चढा.

यंदा चर्चच्या पोरापोरींनी वस्तीतल्या जुन्या गायक-वादकांच्या चित्रांसाठी माझ्या बेकरीची बाजूची भिंत मागितली. मी दिली. सॅन अँटोनियोच्या या पश्चिम भागात पोरं काही चांगलं मागायला आली की नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

माझी शेजारीण तोलिया व्हियागोमेस आणि तिची थोरली बहीण अंपारो यांनी इथल्या किती लग्नांत गाणी म्हटली याला गणती नाही. आठवडाभर दोघी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मारायच्या आणि शनिवारी ओठ रंगवून नाचाच्या हॉलवर उभ्या राहायच्या. अंपारोचा पहिला आवाज, म्हणजे गाण्याची चाल तिची. तोलियाचा दुसरा, तो खालून धरून ठेवणारा. लग्न दोघींनीही केलं नाही. शेवटपर्यंत एका घरात राहिल्या आणि रोज भांडल्या.

अंपारो फेब्रुवारीत गेली. दफनाच्या दिवशी तोलिया सगळ्यांना कॉफी पुरली का विचारत फिरत होती. डोळ्यांत टिपूस नाही. बायकांनी नावं ठेवायची ती ठेवलीच. मी विचारलं तर म्हणाली, "फेर्मीन, दात काढायच्या आधी डॉक्टर सुई मारतो, मग गाल आपला वाटत नाही ना? तशी सगळीच झालेय मी. चिमटा काढून बघ हवं तर."

मी चिमटा काढला नाही. बेकरीतले कोंचा, म्हणजे गोड पाव, बांधून दिले, त्यांवरची साखरही तिला गोड लागत नव्हती.

भिंतीचं काम यादिराकडे होतं. सतरा वर्षांची, तोंडाने फटकळ, हाताला चांगली. तोलियाने तिला एक जुना फोटो नेऊन दिला. माइकसमोर दोघी बहिणी, तोलियाचा हात अंपारोच्या खांद्यावर.

"आजी, यातली एकच घेता येईल," यादिरा म्हणाली. "तुम्ही अजून आहात."

"मी लवकर जायचं बघते."

"बघा. तोवर शिडी काढत नाही आम्ही."

तोलिया हसली नाही, रागावलीही नाही. फोटो देऊन घरी गेली.

पोरांची पद्धत अशी की फोटोवर चौकोन आखायचे, तेवढेच भिंतीवर आखायचे आणि एकेकाने आपापला चौकोन रंगवायचा. शेजारच्या चौकोनात काय आहे ते बघायचं नाही. तोलियाचे चौकोन कुणालाच दिले नव्हते. पण खांद्याचा चौकोन ज्याला मिळाला त्याने समोर दिसलं ते इमानेइतबारे रंगवलं. शनिवारी पडदा काढून बघतो तर अंपारो एकटी उभी, आणि तिच्या खांद्यावर बिनधन्याचा हात. अंगठीसकट.

दुसऱ्या दिवशी पाद्री आशीर्वाद द्यायला येणार होते. बायका जमल्या. यादिराची आई ग्रेसियेला सगळ्यांत पुढे. "जिवंत बाईचा हात मेलेलीच्या खांद्यावर? पुसा आधी तो. ओढून नेईल ती तोलियाला."

"भिंत माझी आहे," मी म्हणालो.

"भिंत तुझी, पण हात तोलियाचा आहे. तिला काही झालं तर?"

तेवढ्यात तोलिया आली. सरळ चित्रापाशी गेली. मग आपला सुरकुतलेला हात त्या रंगवलेल्या हातावर ठेवून म्हणाली, "राहू दे. ओढू दे तिला."

फेब्रुवारीपासून या बाईने पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि मागितलं तर हे.

यादिराचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आजी, असं नका ना बोलू," ती म्हणाली. "उद्या तुम्हाला काही झालं तर सगळे म्हणतील, यादिराने मारलं. मीही तेच म्हणेन."

तोलियाने तिच्याकडे बघितलं. नीट, माणसाकडे बघावं तसं. मग हात पुढे केला. "अंपारोच्या फ्रॉकचा निळा रंग कुठला तो दे."

"मी करते."

"तुझा हात थरथरतोय. आण इकडे."

भिंतीवरचा आपला हात तिने स्वतःच निळ्या रंगाखाली झाकून टाकला. आधी बोटं, मग अंगठी, मग मनगट. शिलाईवालीचाच हात तो, रंग कुठे बाहेर गेला नाही. ग्रेसियेलाने छातीवर क्रूस केला आणि बायका आपापल्या घरी गेल्या. यादिरा ब्रश धुवायला नळावर गेली.

तोलिया तिथेच उभी होती. मी आतून खुर्ची आणली, पण ती बसली नाही.

"फेर्मीन, तो हात फोटोसाठी नव्हता रे," ती म्हणाली. "गाणं कुठे उचलायचं ते अंपारोला कधीच कळलं नाही. इतकी वर्षं गायली, पण नाहीच कळलं. मी खांदा दाबायचे, मग ती उचलायची."

तिची हनुवटी हलायला लागली.

"आता तिला कोण सांगणार?" ती म्हणाली आणि रडायला लागली.